ओव्हनमध्ये ठेवलेले तवे

लंडनच्या उत्तरेला लुटन नावाचं शहर आहे. तिथल्या एका बांगलादेशी कुटुंबाच्या स्वयंपाकघरात ओव्हन होता, पण त्यात काही भाजलं जात नसे. घरची बाई त्यात तळणीचे तवे ठेवायची. इंग्लंडमधल्या घरांत शेगडी आणि तिच्याखालचा ओव्हन हे बहुतेक वेळा एकच यंत्र असतं. शेगडी घेतली की ओव्हन आपोआप येतो. या घरात शेगडीवर दिवसातून दोनदा भात शिजायचा, मासळीचा रस्सा उकळायचा, आणि खालचं ते काचेच्या दाराचं लोखंडी खोकं तव्यांचं कपाट म्हणून कामी यायचं.

त्या घरातली मुलगी नादिया हुसेन 2015 साली 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' ही ब्रिटनमधली सर्वांत लोकप्रिय बेकिंग स्पर्धा जिंकली. अंतिम भाग सुमारे दीड कोटी लोकांनी पाहिला. पुढच्याच वर्षी राणी एलिझाबेथच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक करण्याचं काम तिच्याकडे आलं. पुस्तकं झाली, दूरचित्रवाणीवर मालिका झाल्या, 2020 च्या नववर्ष सन्मानांच्या यादीत तिला एमबीई हा किताब मिळाला. पण तिने आपल्या लहानपणाबद्दल जे जे सांगितलं आहे, त्यात तव्यांचा तो ओव्हन पुन्हा पुन्हा येतो. तो वारंवार का येतो, हे समजून घ्यायचं तर आधी त्या स्वयंपाकघरात जायला हवं.

नादियाचे आईवडील मूळचे सिल्हेटकडचे. बांगलादेशाच्या ईशान्येचा हा भाग. ब्रिटनमध्ये ज्यांना सरसकट 'इंडियन रेस्टॉरंट' म्हणतात, त्यांतली बहुसंख्य सिल्हेटी लोकांनी उभी केली आणि चालवली. इंग्रजांच्या काळात सिल्हेटची माणसं बोटींवर भट्टीपाशी नाहीतर भटारखान्यात राबायची. त्यांतली काही लंडनच्या गोदीत उतरून तिथेच राहिली, चहा-जेवणाची छोटी दुकानं थाटली, मग भावाला बोलावलं, भावाने मेहुण्याला. नादियाचे वडीलही याच धंद्यातले. म्हणजे लेक वाढली ती रेस्टॉरंटवाल्याच्या घरात. जेवण, मसाले, गिऱ्हाइकं या विषयांची तिथे वाण नव्हती. सहा भावंडांचं भरलेलं घर, आणि सगळा स्वयंपाक शेगडीवर.

नादिया सांगते की त्यांच्या घरी 'डिझर्ट' हा प्रकारच नव्हता. हे वाचून मराठी माणूस चमकेल. बंगाली घरात गोड नाही? रसगुल्ले, मिष्टी दोई, संदेश कुठे गेले? पण जरा थांबून विचार केला तर तिचं म्हणणं आपल्याला इतर कुणापेक्षाही लवकर पटावं. आपल्याकडे श्रीखंड पुरीबरोबर पानात येतं, पुरणपोळी हेच जेवण असतं, जिलबी मठ्ठ्यासोबत मध्येच वाढतात. जेवण उरकलं, ताटं उचलली आणि मग वेगळ्या बशीत, वेगळ्या चमच्याने खायचा असा रोजचा गोड पदार्थ आपल्याही रीतीत नाही. सिल्हेटी घरांत सणाला हांदेश होतात. तांदळाचं पीठ आणि गूळ कालवून, फुगेपर्यंत तळलेले. नूनर बोरा होतात, तांदळाच्याच पिठाचे पण खारे. पिठे वाफवतात. तळणं, वाफवणं, आटवणं, शिजवणं हे सारं विस्तवावरचं काम. बंद पेटीतल्या कोरड्या उष्णतेत पीठ फुगवणं हे त्या हाताला ठाऊकच नव्हतं.

आपल्याकडेही चाळीस वर्षांपूर्वी याहून फार वेगळं चित्र नव्हतं. रवा-मैदा, पिठीसाखर आणि तूप डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचं, पत्र्यांवर आपापल्या नानकटाया लावून घ्यायच्या आणि संध्याकाळी पत्र्याचा डबा गरम गरम घरी आणायचा. केक व्हायचा तो कुकरच्या तळाशी वाळू घालून. बेकिंग हे कारखान्यातलं नाहीतर बेकरीवाल्याचं काम, घरच्या बाईचं नव्हे, ही समजूत लुटनच्या त्या घरात होती तशीच आपल्या घरांतही होती.

मग तिला हे आलं कुठून? शाळेतून. माध्यमिक शाळेत गृहविज्ञानाच्या तासाला तिच्या बाई केक, बिस्किटं, टार्ट करायला शिकवत. घरच्या ओव्हनमधून कधी केक बाहेर येताना न पाहिलेली मुलगी तिथे पहिल्यांदा लोणी-साखर फेसायला लागली. पुढे प्रसिद्धी मिळाल्यावर नादियाने या बाईंचं ऋण पुन्हा पुन्हा मानलं आहे. मला या गोष्टीतला हा तुकडा सर्वांत मोलाचा वाटतो. वेळापत्रकात गणित-विज्ञानापुढे हा तास नेहमी उपरा असतो. पैसे कमी पडले की शाळा आधी त्याच्यावर गदा आणते. इंग्लंडमध्ये 14 वर्षांपर्यंतच्या मुलांना स्वयंपाक शिकवणं अभ्यासक्रमात सक्तीचं झालं ते 2014 च्या सप्टेंबरात, म्हणजे नादियाची शाळा संपून कितीतरी वर्षं झाल्यावर. तिला तो तास मिळाला नसता तर घरातला ओव्हन तिच्याही हयातीत तव्यांचं कपाटच राहिला असता.

त्या तासाला ती नेमकं काय शिकली असेल, हे जरा जवळून पाहू. आईचा स्वयंपाक हाताच्या मापाचा. मूठभर तांदूळ, चिमूटभर हळद, मीठ अंदाजाने, आणि चुकलं तर पाणी वाढवायचं, चिंच घालायची, बटाटा टाकायचा. शेगडीवरचा पदार्थ शेवटच्या मिनिटापर्यंत सुधारता येतो. केकचं तसं नाही. साध्या व्हिक्टोरिया स्पंजची जुनी रीत अशी, की अंडी कवचासकट तोलायची आणि तेवढ्याच वजनाचं लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा घ्यायचा. लोणी-साखर फेसताना साखरेच्या कणांमुळे लोण्यात हवा अडकते. भट्टीत ती हवा आणि पाण्याची वाफ प्रसरण पावते, अंडं आणि मैद्यातलं पीठूळ त्या पोकळ्यांभोवती घट्ट होतं, आणि केक उभा राहतो. मैदा जास्त फेटला तर त्याला चिवटपणा येतो, दार लवकर उघडलं तर मध्ये खड्डा पडतो. एकदा दार लावलं की आत हात घालून काही सुधारता येत नाही. अंदाजाच्या घरात वाढलेल्या मुलीला ही तराजूची शिस्त वेगळीच भाषा वाटली असणार. तिने ती शिकून घेतली, आणि पुढे तिची खरी ताकद ठरली ती या दोन्ही भाषा येत असण्यात.

शिक्षण पुढे नेण्याची तिची इच्छा होती, पण विसाव्या वर्षी लग्न झालं, तेही घरच्यांनी ठरवून. नवरा अब्दाल, संसार लीड्समध्ये, मग दोन मुलगे आणि एक मुलगी. नवऱ्याला गोडाची आवड होती, आणि घरात बेकिंग सुरू झालं ते त्याच्यासाठी. मुलं सांभाळता सांभाळता मुक्त विद्यापीठाचा अभ्यासही चालू होता. बाहेरून पाहणाऱ्याला हे नीट बसलेलं घर दिसलं असतं.

आत मात्र वेगळं चाललं होतं. नादियाला लहानपणापासून भीतीचे झटके येत. अगदी लहान असताना शाळेतल्या मुलांनी केलेल्या छळाशी तिने त्याचा संबंध जोडला आहे. 2019 मध्ये तिने स्वतःच्या या आजारावर दूरचित्रवाणीसाठी एक माहितीपट केला आणि त्यात कॅमेऱ्यासमोर उपचार घेतले. दक्षिण आशियाई कुटुंबांत मनाच्या दुखण्याला नावच नसतं, असलंच तर कुजबुजीत असतं. तिथल्या एका प्रसिद्ध बाईने ते चारचौघांत सांगणं याची किंमत आपल्याकडच्या वाचकालाही कळेल. बेकिंग आपल्यासाठी औषधासारखं आहे, असं ती म्हणत आली आहे. त्यात काही गूढ नाही. वजन करायचं, चाळायचं, फेसायचं, घड्याळ लावायचं. हाताला क्रम मिळाला की धावत्या मनालाही धरायला काहीतरी मिळतं.

स्पर्धेचा अर्ज नवऱ्याने भरला. बर्कशरमधल्या वेलफर्ड पार्कच्या हिरवळीवर उभारलेला पांढरा तंबू, बारा हौशी बेकर, दहा आठवडे, दर आठवड्याला एक जण बाद. परीक्षक मेरी बेरी आणि पॉल हॉलिवूड. डोक्याला स्कार्फ बांधलेली ही लहानखुरी बाई सुरुवातीला फारशी पुढे नव्हती. तिच्या चेहऱ्यावर मात्र सगळं उमटायचं: घाबरणं, वैतागणं, हसू. लोकांना ती आवडायला लागली ती त्या चेहऱ्यामुळे.

मधल्या एका आठवड्यात व्होल-ओ-व्हाँ करायचे होते. नाव फ्रेंच असलं तरी ही पेस्ट्री आपल्याला परकी नाही. बेकरीतली खारी ज्या पिठाची, त्याच जातीच्या पिठाच्या या छोट्या वाट्या. मैद्याच्या पोळीत लोण्याची लादी गुंडाळायची, लाटायची, घडी घालायची, थंड करायची, पुन्हा लाटायची. लोणी आणि पीठ यांचे पातळ थर एकावर एक बसतात. भट्टीत गेल्यावर लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती प्रत्येक थर वर उचलते. लोणी वितळून पिठात मुरलं तर थर उरत नाहीत, म्हणून सारखं गार करावं लागतं, आणि गार करायला वेळ जातो. नादियाचा वेळ तिथेच गेला. तिचा बेत देखणा होता: एका वाटीत बंगाली कोर्मा, दुसरीत कॉड मासा आणि क्लेमेंटाइन संत्रं. वेळ संपली तेव्हा वाट्या रिकाम्या होत्या आणि सारण वेगळं भांड्यात. ते तसंच परीक्षकांपुढे न्यावं लागलं. ती रडली. सारणाची चव मात्र परीक्षकांना आवडली आणि ती वाचली.

माशात संत्रं हे इंग्रजी प्रेक्षकाला धाडसाचं वाटलं असेल. सिल्हेटच्या माणसाला वाटणार नाही. तिकडे सातकरा नावाचं जाड सालीचं, कडवट सुगंधाचं लिंबाच्या कुळातलं फळ होतं, आणि त्याच्या फोडी सालीसकट मांसाच्या नि माशाच्या रश्श्यात पडतात. म्हणजे शेगडीवरची चव ओव्हनमधल्या वाटीत उतरली होती. अंतिम फेरीतल्या बन्समध्येही तिने वेलची आणि बदाम भरले. दुसऱ्या जातीत जायफळ आणि आंबट चेरी. वेलची, जायफळ, बदाम. या तीन वस्तू आपल्या कुठल्याही आजीच्या फडताळात सापडतील. बेकिंगचं तंत्र तिला शाळेने दिलं, पण कुठल्या चवीशेजारी कुठली बसते हे जिभेला आधीच माहीत होतं, आणि ते वडिलांच्या व्यवसायातून, आईच्या रोजच्या रांधण्यातून आलं होतं. आईने ओव्हन कधी वापरला नाही, तरी लेकीच्या ओव्हनमध्ये आई होतीच.

जिंकल्यानंतर बीबीसीसाठी केलेल्या 2016 मधल्या मालिकेत ती बांगलादेशात आईवडिलांच्या मुलखात जाऊन आली आणि तिथल्या चुलींपाशी बसली. त्याच वर्षी तिचं लहान मुलांसाठी पुस्तक आलं, गोष्टी आणि पाककृती एकत्र गुंफलेलं: गोष्ट वाचायची आणि ओव्हन तापवायचा. एका पिढीत ओव्हनचं काय झालं, हे त्या पुस्तकावरून दिसतं. राणीसाठी तिने केला तो संत्र्याचा तीन मजली केक, जांभळ्या आणि सोनेरी रंगात सजवलेला. तो जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आला.

मला मात्र त्याआधीचा, तंबूतला शेवटचा केक जास्त जवळचा वाटतो. अंतिम फेरीची शेवटची कसोटी होती एखादा अस्सल ब्रिटिश केक मजल्यांवर रचण्याची. नादियाने लेमन ड्रिझल निवडला, इंग्लंडमधल्या प्रत्येक चहाच्या टेबलावर दिसणारा. करायला सोपा आणि खायला लाजवाब. केक भट्टीतून काढला की गरम असतानाच काडीने टोचे मारायचे आणि लिंबाचा रस व साखर वरून ओतायची. रस आत झिरपतो, साखर वरच अडकून कुरकुरीत पापुद्रा धरते. बालूशाही पाकात मुरताना पाहिली असेल त्याला ही क्रिया ओळखीची वाटेल.

हा केक तिने लग्नाचा केक म्हणून सजवला. कारण लग्न बांगलादेशात झालं होतं, आणि तिथल्या लग्नात केक नसतो. दहाएक वर्षं उशिरा, स्वतःच्या हाताने, ती तो करत होती. मजल्यांच्या मध्ये ब्रिटिश झेंड्याच्या लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांतलं साडीचं कापड होतं. आणि वरून लावले होते लग्नात अंगावर घातलेले तिचे स्वतःचे दागिने. तंबूबाहेर हिरवळीवर अब्दाल आणि तिन्ही मुलं निकालाची वाट पाहत होती.