उतारवय आणि स्नायूंचे बळ
तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर ही झीज वेग घेते. तिलाच वैद्यकात ‘सार्कोपेनिया’, म्हणजे वार्धक्यजन्य स्नायुक्षय, म्हणतात. जमिनीवरून उठणे, जिना चढणे, तोल सावरणे ही कामे मांड्यांच्या बळावर होत असल्याने वृद्धांचे स्वावलंबन बहुधा तेथूनच ढासळू लागते. बोस्टनमधील वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातील मोजक्या व्यक्तींना ८ आठवडे वजनांचा व्यायाम दिला असता त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढल्याचे १९९० साली प्रसिद्ध झाले. ‘आता या वयात कशाला’ ही घरोघरची समजूत म्हणूनच घातक ठरते. अर्थात अशा व्यायामाला वैद्यकीय सल्ल्याची जोड हवी, तसेच आहारात डाळी, दूध, अंडी यांतून पुरेशी प्रथिने हवीत, कारण रात्री नुसत्या चहा-बिस्किटांवर भागवणाऱ्या शरीराला स्नायू बांधण्याचे साहित्यच मिळत नाही.