क्लब हाऊस असलेल्या वसाहतीतले घर : व्यापाऱ्याने हिशेब कसा मांडावा

विश्रांतवाडीच्या चौकातून धानोरीकडे वळा किंवा आळंदी रोडने दिघीकडे जा, दोन्ही बाजूंना आता एकच देखावा दिसतो. उंच इमारती, समोर मोठे फाटक, फाटकावर वर्दीतला वॉचमन आणि आत क्लब हाऊस, तरणतलाव, जिम, मुलांचे मैदान. गेल्या काही वर्षांत आमच्या बिरादरीतली अनेक व्यापारी व कारागीर कुटुंबे जुन्या वस्तीतली घरे सोडून अशा वसाहतींत गेली. काही खूश आहेत, काही पस्तावले. आमच्या दुकानावर बसणाऱ्या मंडळींत हाच विषय वारंवार निघतो, म्हणून आमच्या माहितीतले चार शब्द वाचकांपुढे ठेवत आहोत.

क्लब ही चीज पुण्याला नवी नाही. पूना क्लब १८८६ चा, डेक्कन जिमखाना १९०६ चा. मुंबईत मरीन ड्राइव्हला पारशी, हिंदू आणि इस्लाम जिमखाने शेजारी शेजारी उभे आहेत. पण त्या काळी माणूस एका ठिकाणी राहत असे आणि क्लबात दुसऱ्या ठिकाणी जात असे. परवडले तर वर्गणी भरायची, नाही तर सोडायची. आता क्लब घराला चिकटून आला आहे. तुम्ही पोहा किंवा न पोहा, तलावाच्या पाण्याचा, दिव्यांचा आणि माणसांच्या पगाराचा खर्च तुमच्या दरमहाच्या बिलात येणारच. हा फरक ध्यानात न घेता पुष्कळ लोक फक्त फ्लॅटची किंमत बघतात.

आमच्या घरातलाच किस्सा सांगतो. आमच्या धाकट्या भावाने अशा एका वसाहतीत फ्लॅट बुक केला. छापील माहितीपत्रकात तरणतलाव, बॅडमिंटन, दावतीचा हॉल असे सगळे रंगीत चित्रांत होते. बुकिंगच्या वेळी 'क्लब मेंबरशिप' म्हणून दीड लाख रुपये वेगळ्या पावतीने घेतले. भाऊ खूश, मुले त्याहून खूश. ताबा मिळाल्यावर कळले की करारनाम्यात क्लबचा एक शब्दही नाही. बिल्डरचे म्हणणे असे की क्लब त्यांच्या दुसऱ्या कंपनीच्या मालकीचा आहे आणि मेंबरशिप दर वर्षी नवी करावी लागेल. सोसायटीने पैसे भरण्यास नकार दिला, तेव्हा क्लबला आठ महिने कुलूप लागले. मुले कुलपाबाहेर क्रिकेट खेळत होती. तो वाद अजून मिटलेला नाही.

कपडा घेताना आपण पन्हा मोजतो, ठाणाचा शेवटचा मीटर उलगडून बघतो, आणि पन्नास-साठ लाखांचा कागद मात्र न वाचता सही करतो!

कायदा या बाबतीत आता बराच स्पष्ट आहे. २०१६ चा रेरा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. प्रकल्पात ज्या सामाईक सुविधा देण्याचे ठरले त्या 'कॉमन एरिया'त येतात, आणि कॉमन एरिया शेवटी रहिवाशांच्या संस्थेकडे जातो. महारेराने २०२४ मध्ये असेही बंधन घातले की कोणत्या सुविधा देणार आणि कोणत्या तारखेला देणार हे विक्रीकरारातच लिहावे. म्हणून माहितीपत्रक घडी करून ठेवून द्या आणि कराराचा मसुदा मागा. क्लब हाऊसचे क्षेत्रफळ, मालकी आणि तारीख त्यात नसेल, तर तो क्लब तुम्हाला मिळालाच नाही असे समजून भाव ठरवा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की मंजूर नकाशा पाहता येतो. घरातला कोणताही कॉलेजचा मुलगा दहा मिनिटांत काढून देईल. आपल्या भागात आणखी एक कागद मागावा. लोहगावचा हवाई तळ जवळ असल्यामुळे इमारतीच्या उंचीसाठी हवाई दलाची ना-हरकत लागते. वरच्या मजल्यावर फ्लॅट घेणाऱ्याने ती जरूर पाहावी.

आता दरमहाच्या बिलाकडे वळू, कारण घर घेणे एकदाचे असते, बिल जन्मभराचे. इथे पहिला प्रश्न विचारावा की वसाहत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की अपार्टमेंट. दोन्हींचे कायदे वेगळे. संस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली चालते. तिच्या आदर्श उपविधींप्रमाणे वॉचमन, झाडलोट, सामाईक वीज वगैरे सेवा खर्च सर्व फ्लॅटधारकांत सारखा वाटला जातो. फ्लॅट लहान असो वा मोठा. अपार्टमेंट १९७० च्या कायद्याखाली येते आणि तिथे सामाईक मिळकतीत ज्याचा जितका हिस्सा तितका खर्च. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्याच एका मोठ्या वसाहतीच्या प्रकरणात हा हिस्सेवारीचा नियम कायम केला.

समजा, दोनशे फ्लॅटची वसाहत आहे आणि क्लबचा महिन्याचा खर्च एक लाख ऐंशी हजार. संस्था असेल तर प्रत्येक घरावर नऊशे रुपये. अपार्टमेंट असेल तर लहान फ्लॅटवाल्याला सहाशे-सातशे येतील आणि मोठ्या फ्लॅटवाल्याला बाराशेही येऊ शकतात. मोठे एकत्र कुटुंब असलेल्या आमच्यासारख्यांनी मोठा फ्लॅट घेतला तर संस्था सोयीची, लहान घर घेणाऱ्या कारागिराला अपार्टमेंट सोयीचे. दलाल हा हिशेब कधीच सांगत नाही.

सेवा खर्चाखेरीज दोन निधी असतात. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का, जमिनीची किंमत वगळून. तुमच्या फ्लॅटचा बांधकाम खर्च वीस लाख धरला तर दुरुस्तीचे वर्षाला पंधरा हजार आणि सिंकिंग फंडाचे पाच हजार, म्हणजे महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये वेगळे. काही वसाहतींत सुरुवातीची वर्षे बिल कमी दिसावे म्हणून हे निधी गोळाच करत नाहीत. मग दहाव्या वर्षी लिफ्ट बदलायची वेळ आली की प्रत्येकाकडून एकदम मोठी रक्कम मागितली जाते. बिल कमी आहे म्हणून खूश होऊ नका. निधी किती साठला आहे ते विचारा.

पाण्याचे तर विचारूच नका. धानोरी-लोहगाव पट्ट्यात टँकरचा खर्च कित्येक सोसायट्यांचे कंबरडे मोडतो. भामा आसखेडचे पाणी २०२१ पासून या बाजूला आले, तरी सर्वत्र सारखे पुरत नाही. फ्लॅट बघायला जाल तेव्हा एप्रिल-मे महिन्याचे बिल मागा, पावसाळ्यातले नको.

जीएसटीचाही मुद्दा आहे. संस्थेची वार्षिक उलाढाल वीस लाखांवर असेल आणि एका सदस्याची दरमहाची वर्गणी साडेसात हजारांच्या पुढे गेली, तर १८ टक्के कर लागतो. २०१९ च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे तो पूर्ण रकमेवर, तर मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले की फक्त जादा रकमेवर. आठ हजारांच्या बिलावर एका हिशेबाने १,४४० रुपये होतात, दुसऱ्याने अवघे ९०. आपली संस्था कोणता हिशेब धरते ते सेक्रेटरीला विचारून घ्यावे.

ताबा देताना बिल्डर एक-दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ घेतो. तो पैसा त्याच्याकडे अमानत आहे. १९६३ च्या मोफा कायद्याप्रमाणे अशा रकमांचे वेगळे खाते ठेवणे आणि हिशेब देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. संस्था स्थापन झाली की पहिल्या सभेत हा हिशेब मागावा. मागण्यात संकोच कसला?

आता तो प्रश्न, जो आमचे लोक दबक्या आवाजात विचारतात : "आपल्याला घर देतील का?" बिल्डरकडून घेताना सहसा अडचण कमी, जुना फ्लॅट घेताना जास्त. मालक तयार असतो, भाव ठरतो, आणि मग अचानक "सोसायटीची एनओसी मिळत नाही" असा निरोप येतो. वाचकांनी लक्षात ठेवावे की आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट हस्तांतरणासाठी सोसायटीच्या ना-हरकतीची गरज नाही. सहकार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, आणि नाकारले तर निबंधकाकडे मुदतीत अपील करता येते. हस्तांतरण अधिमूल्यही महापालिका हद्दीत पंचवीस हजारांहून अधिक घेता येत नाही. त्याच वेळी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात, सदस्यत्व एका समाजापुरते ठेवणारा नोंदलेला उपविधी वैध ठरवला. म्हणजे उपविधीतच तशी अट असेल तर प्रश्न वेगळा. नुसत्या कमिटीच्या मर्जीला मात्र कायद्याचा आधार नाही. नकार तोंडी घेऊ नका, लेखी मागा. आमचा अनुभव असा की लेखी मागितल्यावर निम्मे नकार विरघळून जातात.

घर कोणाच्या नावावर घ्यावे? पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क उपकरांसह साधारण ७ टक्के पडते. १ एप्रिल २०२१ पासून घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास त्यात १ टक्का सवलत आहे. साठ लाखांच्या घरावर साठ हजार रुपये वाचतात. मात्र कागदावर जी मालक ती खरोखर मालक, हे समजून नाव लावावे. आणि सोसायटीत नॉमिनेशन केले म्हणजे वारसा मिटला असे नाही. नॉमिनी केवळ विश्वस्त असतो, हिस्से शरीयतप्रमाणे सर्व वारसांचे राहतात. एकाच मुलाचे नाव नॉमिनी म्हणून टाकून पुढे भावाभावांत कटुता आल्याची उदाहरणे आम्ही पाहिली आहेत. स्वतः राहत असाल तर मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. २०२३ मध्ये ती परत सुरू झाली, पण पीटी-३ अर्ज भरावा लागतो.

पैसा कुठून आणायचा हा आमच्या लोकांचा खरा पेच. बँकेचे कर्ज व्याजाचे, आणि इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बाजूला ठेवला. म्हणून अनेक जण दुकानातला माल कमी करून घरात पैसा घालतात. आमच्या मते दोन हंगामांच्या मालाइतके भांडवल हाताशी राहत नसेल तर थांबावे. रमजानच्या आधी माल भरायला पैसे नसलेला व्यापारी क्लबात बसून काय करणार? या बाबतीत हडपसरच्या मगरपट्ट्याचे उदाहरण आम्हाला फार आवडते. तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशे एकरांहून अधिक जमीन बिल्डरला विकली नाही. एकत्र करून स्वतःची कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात हिस्से घेतले आणि वसाहत उभी केली. नफ्या-तोट्यातली भागीदारी आपल्याला काही परकी नाही, पण आपल्यापैकी कोणी असे धाडस केल्याचे आमच्या माहितीत नाही.

राहणीबद्दल थोडे. मुलांना मोकळे मैदान मिळते, गाडीची भीती नाही, ही मोठी नेमत आहे. आमच्या वृद्ध वालिदा मात्र भावाकडे चार दिवसांत कंटाळतात. गल्लीत दारात बसले की दहा बायका बोलून जातात, तिथे बाकावर बसले तरी सगळे कानाला फोन लावून. अनेक सोसायट्या तलावावर महिलांसाठी वेगळी वेळ ठेवतात. नसेल तर अर्ज द्यावा, केवळ आपल्याच नव्हे तर इतर घरांतल्या स्त्रियांनाही ती हवी असते. कुर्बानीबद्दल आधीच समजून घ्यावे : परवानगीशिवाय सोसायटीच्या आवारात जनावर कापता येत नाही. पालिकेने नेमलेल्या जागी व्यवस्था करावी, शेजाऱ्यांशी वर्षभराचे संबंध एका सकाळीसाठी बिघडवू नयेत. ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून विश्रांतवाडीमार्गे पुण्यात येते, तेव्हा भावाच्या सोसायटीत पाणी आणि केळी वाटतात. भावाची मुले त्यात पहाटेपासून असतात. त्या दिवशी आळंदी रोड बंद असतो, व्यापाऱ्यांनी मालाची गाडी आदल्या दिवशीच मागवावी!

शेवटी, ज्यांना तिथे राहायचे नाही त्यांच्यासाठीही या वसाहती म्हणजे गिऱ्हाईक आहे. पडदे, सोफ्याची कव्हरे, गाद्या, पॉलिश, क्लबच्या हॉलच्या खुर्च्यांचे कापड, असे काम सतत निघते. फाटकावर नोंद करावी लागते, मालवाहू लिफ्टनेच जावे लागते, दुपारी दोन ते चार ठोकाठोक चालत नाही. त्यात अपमान मानू नये. घरमालकाचे काम रोखीचे, पण कमिटीचे काम कागदाचे. तीन कोटेशन, पक्के बिल आणि धनादेश. आमच्या ओळखीच्या एका कारागिराने हॉलच्या ऐंशी खुर्च्या मढवल्या आणि बिल देईपर्यंत कमिटी बदलली. नवे म्हणाले, आम्ही सांगितलेच नव्हते. तेव्हा कामाचा आदेश संस्थेच्या लेटरहेडवर, ठरावाच्या क्रमांकासह घ्यावा. शिवणकाम, मढवणी करणाऱ्यांनी उद्यम नोंदणी करून ठेवावी. ती मोफत आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. आम्हा कापड व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती फक्त बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. ४५ दिवसांचा हक्क त्यात नाही. म्हणून कापडाचे पैसे आम्ही ठाण कापण्याआधी निम्मे घेतो.