सुटीच्या दिवशीचा पहारा

वाराणसीतील बनारसी शालूंचा व्यापारी रात्री पेढीला कुलूप लावतो. त्याचा संगणक मात्र मागण्या व देयके स्वीकारीत राहतो. चोर नेमकी हीच वेळ साधतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवरील हल्ला ११ ऑगस्ट २०१८ रोजी, दुसऱ्या शनिवारच्या सुटीत सुरू झाला. १३ ऑगस्टपर्यंत सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले.

अहोरात्र पहाऱ्यासाठी स्वतःचे तज्ज्ञ नेमणे लहान उद्योगास परवडत नाही. ही सेवा बाहेरील संस्थेकडून घेता येते. तिचे तज्ज्ञ संगणकीय नोंदी सतत तपासतात आणि संशय येताच बाधित यंत्र जाळ्यापासून अलग करतात. यंत्र कोणाच्या संमतीने व किती वेळात थांबवावे, हे करारात स्पष्ट असावे. २०२२ च्या निर्देशांनुसार ‘सर्ट-इन’ला ६ तासांत कळविण्याचे उत्तरदायित्व उद्योगाचेच राहते. पहारा सोपविता येतो, जबाबदारी नव्हे.