बीडचा पिनकोड बसला आकाशपाळण्यात!

चल दोस्ता, वही-पेन्सिल घे! लिही : ४३११२२. ओळखलंस? अरे, हा तर बीडचा पिनकोड!

पिनकोड सुचला तो श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाला. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पोस्टाला एवढं कळलं की पत्र निम्मं पोचलंच!

पण आज पत्र नाही पाठवायचं. आज या संख्येलाच पळवायचं!

तिचे अंक उतरत्या क्रमाने मांड : ४३२२११. मग चढत्या क्रमाने : ११२२३४. आता मोठीतून लहान वजा कर. ३१९९७७ आले ना? त्याचेही अंक तसेच मांड, पुन्हा वजाबाकी. शून्य आलं तर चढत्या क्रमात ते सगळ्यांच्या पुढे लिही. गाळायचं नाही हं!

८५९९३२, ७६२६३३, ५३२६६५, ४२९९६६, ७४९९४३, ६५२६४४... संख्या कशा सैरावैरा धावतायत बघ!

आठव्या वजाबाकीला येतात ४२०८७६. इथे लाल खूण कर. पुढे? ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि... ओळख पाहू! पुन्हा ४२०८७६!

जत्रेतला आकाशपाळणाच हा! सात पाळणे, गोल गोल फेऱ्या, आणि खाली उतरायची सोयच नाही. वही संपेल, फेरी संपणार नाही!

असं का? सहा अंकी संख्या काही अगणित नसतात. वजाबाकी करतच राहिलं तर आधी आलेली एखादी पुन्हा येणारच. ती आली की पुढचं सगळं तस्संच! पण खरी गंमत वेगळीच. सहा अंकी संख्या नऊ लाख! सगळे अंक सारखे असलेल्या सोडल्या, तर बाकी सगळ्यांचे शेवट फक्त तीन. एक हा पाळणा. नाहीतर ५४९९४५. नाहीतर ६३१७६४. या दोघींवर वजाबाकी केली की उत्तर म्हणून त्याच येतात!

हा खेळ शोधला दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत ते शिक्षक होते. त्यांना सापडली ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घे. जास्तीत जास्त सात वजाबाक्या, की ६१७४ हजर! एका शाळामास्तरांची ही संख्या आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखतात.

आता परळी घेऊ, ४३१५१५. आणि शेजारचं अंबाजोगाई, ४३१५१७. पहिली वजाबाकी : परळीचे ४४०८५६, अंबाजोगाईचे ६४०८५४. नीट बघ, अंक तेच, फक्त जागा बदलल्या! म्हणून दुसऱ्या वजाबाकीला दोघांचंही उत्तर ८२०८७२. पाचवीला ७४९९४३. अरेच्चा, ही तर बीडच्या वाटेवरची संख्या!

तुझ्या गावाचा पिनकोड कुठे पोचतो? कर सुरुवात!