एकाच द्वाराचा संगणक
अंकीय मंडलांची विश्वासार्हता आणि आटोपशीरपणा यांचा एक विचार

यंत्रातील भाग वाढत गेले की यंत्राचा भरवसा कमी होत जातो, हा व्यवहारातील अनुभव आहे. त्याला गणिताचाही आधार आहे. समजा, एखाद्या उपकरणात दहा हजार जोड आहेत आणि त्यांतील एकही निकामी झाला तरी उपकरण बंद पडते. नियत काळात प्रत्येक जोड सुस्थितीत राहण्याची संभाव्यता ०·९९९९ आहे असे धरले, तर एकेका जोडाविषयी तक्रारीला जागा नाही. परंतु सर्वच्या सर्व जोड टिकण्याची संभाव्यता काढण्यासाठी हा आकडा स्वतःशीच दहा हजार वेळा गुणावा लागतो, आणि उत्तर येते केवळ ०·३७. म्हणजे जवळजवळ निर्दोष अशा भागांपासून बनलेले उपकरण तीनांपैकी सुमारे दोन वेळा दगा देणार.

१९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉनिकी नेमकी याच अडचणीपाशी येऊन ठेपली होती. निर्वात नलिकेची जागा ट्रान्झिस्टरने घेतली, त्यामुळे उष्णता आणि आकार ही दोन्ही संकटे कमी झाली. तरीही प्रत्येक ट्रान्झिस्टर आणि प्रत्येक रोधक हाताने डाख देऊनच जोडावा लागे. ट्रान्झिस्टर कितीही चांगला असला तरी डाख कच्चा राहिला की सारे व्यर्थ. भागांची संख्या हाच यापुढील प्रगतीतला अडसर ठरला.

हा अडसर दूर करण्याचा मार्ग दोघांनी स्वतंत्रपणे दाखविला. जॅक किल्बी यांनी सप्टेंबर १९५८ मध्ये अर्धवाहकाच्या एकाच तुकड्यावर संपूर्ण मंडल चालवून दाखविले. रॉबर्ट नॉइस यांनी १९५९ मध्ये सिलिकॉनच्या पृष्ठावरच धातूचा पातळ थर देऊन अंतर्गत जोडण्या करण्याची रीत मांडली. जाँ होर्नी यांच्या सपाट रचनेच्या कृतीमुळे ती रीत कारखान्यात आणणे शक्य झाले. व्यवहारात ज्याला आपण ‘आयसी’ म्हणतो, त्या संकलित मंडलाचा जन्म हा असा झाला.

मात्र शोध लागला म्हणजे त्यावर विश्वास बसतो असे नाही. नव्या वस्तूच्या टिकाऊपणाचा पुरावा तिच्या दीर्घ वापरातूनच मिळतो, आणि पुरावा नसेल तर ती वापरावयास कोणी धजत नाही. हा पेच कसा सुटला, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या अपोलो चांद्रयानातील मार्गदर्शक संगणक होय. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या उपकरण प्रयोगशाळेत त्याची रचना झाली. त्याच्या अंकीय मंडलांची जबाबदारी एल्डन हॉल यांच्याकडे होती. त्यांच्या आग्रहावरून १९६२ च्या अखेरीस संकलित मंडले वापरण्याचा निर्णय झाला.

हॉल यांच्या गटाने याहूनही धाडसाचा एक निर्णय घेतला. संगणकाचे सारे तर्ककार्य एकाच प्रकारच्या द्वारावर उभारावयाचे, असे त्यांनी ठरविले. हे द्वार म्हणजे तीन प्रवेश असलेले ‘नॉर’ द्वार. त्याचा नियम सोपा आहे: तिन्ही प्रवेशांवर शून्य असेल तेव्हाच निर्गमावर एक, एरवी शून्य. एका द्वारात तीन ट्रान्झिस्टर आणि चार रोधक एवढेच साहित्य लागे. अशा एकाच क्रियेतून बूलचे संपूर्ण बीजगणित उभारता येते, हे हेन्री शेफर यांनी १९१३ मध्येच प्रसिद्ध केले होते. नॉर द्वाराचा एकच प्रवेश वापरला की संकेत उलटतो. दोन संकेत आधी उलटवून मग तिसऱ्या नॉर द्वाराला दिले की ‘दोन्ही असतील तरच’ ही क्रिया मिळते. दोन द्वारांचे निर्गम परस्परांच्या प्रवेशांना जोडले की एक अंक स्मरणात ठेवणारी जोडी तयार होते. बेरीज, तुलना, गणना ही सर्व कामे मग याच घटकांतून रचता येतात.

येथे एक शंका साहजिकच उद्भवते. ‘दोन्ही असतील तरच’ या क्रियेसाठी जेथे एक खास द्वार पुरले असते तेथे तीन नॉर द्वारे खर्ची पडत असतील, तर हा आटोपशीरपणा कसला? शंका रास्त आहे. द्वारांची नुसती मोजदाद केली तर या पद्धतीत काही उधळपट्टी निश्चित होते. मात्र उलटविलेला संकेत पुष्कळदा आधीच हाताशी असतो, त्यामुळे प्रत्यक्षातील तोटा वाटतो तेवढा नसतो. शिवाय बिघाड मुख्यतः बाहेरच्या जोडांत होतो, आणि म्हणून द्वारांपेक्षा जोड मोजणे अधिक महत्त्वाचे. सुट्या भागांचे एक नॉर द्वार बनविले तर तीन ट्रान्झिस्टरांची नऊ आणि चार रोधकांची आठ मिळून सतरा टोके जोडावी लागतात. दोन द्वारांची चौतीस. अपोलोच्या सुधारित संगणकात अशी दोन द्वारे एका चपट्या वेष्टनात बसविली होती. सहा प्रवेश, दोन निर्गम, एक पुरवठा आणि एक भूमी मिळून त्याला बाहेरची टोके होती फक्त दहा. वेष्टनाच्या आत त्या टोकांना बारीक तारा लागतातच. परंतु बाकी सर्व जोडण्या सिलिकॉनवरच्या धातूच्या थरात एकाच वेळी होऊन जातात. बाहेरच्या जोडांत डाखाऐवजी वितळजोडाचा अवलंब केला होता.

एकाच प्रकाराचा खरा लाभ मात्र कारखान्यात आणि परीक्षणशाळेत झाला. एकच वस्तू हजारोंनी बनविली की तिची कृती स्थिरावते. वेगवेगळ्या उत्पादकांचा माल शेजारी ठेवून ताडून पाहता येतो, आणि एखादा गट मानाला उतरला नाही तर तो सबंधच्या सबंध परत करता येतो. सोन्याची तार आणि ॲल्युमिनियमचा थर यांच्या संयोगातून निर्माण होणारे जांभळे, ठिसूळ संयुग हे त्या काळातील मंडलांचे कुप्रसिद्ध दुखणे होते. असे दोष ओळखावयास अभियंत्यांना एकच वस्तू कसून अभ्यासावी लागली. पुराव्याचा प्रश्नही असाच सुटला. पाच हजार द्वारे हजार तास चालली की पन्नास लाख द्वार-तासांचा अनुभव एकाच वस्तूच्या खात्यावर जमा होतो. दहा प्रकार असते तर तोच अनुभव दहा ठिकाणी विखुरला असता.

आधीच्या योजनेनुसार अंतराळवीरांनी सोबत सुटे भाग न्यावयाचे आणि बिघडलेला भाग उड्डाणातच बदलावयाचा, असे होते. मे १९६३ मध्ये मर्क्युरी मालिकेतील शेवटच्या उड्डाणात यानातील दमटपणामुळे विद्युत् मंडलांत बिघाड झाला. उघडझाक करावयाच्या खोबणीत ओल शिरण्याचा धोका तेव्हा ध्यानात आला. सुधारित संगणक मग पूर्णपणे बंदिस्त करण्यात आला. दुरुस्तीची सोय ठेवल्याने बिघाडाची वाट उघडी राहते, म्हणून ती सोयच काढून टाकली गेली. सुमारे २,८०० संकलित मंडलांचा हा संगणक जवळपास ३२ किलोग्रॅम वजनाचा होता आणि चालू असताना सुमारे ५५ वॅट शक्ती घेई.

त्याच मोहिमेत दुसरा मार्गही चोखाळला गेला होता. सॅटर्न अग्निबाणाच्या संगणकात तर्कमंडलाचे सात टप्पे करून प्रत्येक टप्पा तिहेरी बसविला होता, आणि तिघांपैकी दोघांचे मत तेच उत्तर, असा नियम होता. एका प्रतीची विश्वासार्हता ०·९ असेल तर या बहुमताची ०·९७२ होते. परंतु एकीची ०·५ असेल तर काहीच लाभ नाही. त्याहून कमी असेल तर तिघांचे बहुमत एकट्यापेक्षाही वाईट. निकृष्ट भाग तिप्पट केल्याने उत्कृष्ट होत नाहीत, आणि जागा मात्र तिप्पट जाते.

१९६८ ते १९७२ या काळात अपोलोच्या मानवी उड्डाणांनी हा निर्णय कसाला लावला. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरताना संगणकाने वारंवार धोक्याच्या सूचना दिल्या. परंतु त्या कामाचा भार वाढल्याच्या होत्या, द्वार निकामी झाल्याच्या नव्हेत. संगणकाने कमी महत्त्वाची कामे सोडून दिली आणि उतरण्याचे काम चालू ठेवले.

आज एका चिपवर अब्जावधी ट्रान्झिस्टर मावतात. ते इतके लहान झाले आहेत की एखाद्या भारित कणाच्या आघाताने साठविलेला अंक बदलू शकतो. म्हणून अंतराळासाठीच्या काही मंडलांत तिहेरी बहुमत चिपच्या आतच आणले गेले आहे, आणि १९५० मध्ये रिचर्ड हॅमिंग यांनी मांडलेली दोषदुरुस्तीची संकेतपद्धती स्मृतिमंडलांत रुळली आहे. तरीही रचनाकार आजही नीट पारखून घेतलेल्या ठराविक घटकांच्या संचातूनच मंडल उभारतो. आटोपशीरपणा आणि विश्वासार्हता यांचे वैर आहे असे वरवर दिसते. अपोलोच्या संगणकाने दाखविले ते असे की, जोड कमी केले आणि प्रकार कमी केले म्हणजे दोन्ही एकाच वाटेने येतात.