केशवर्धकाच्या जुन्या बाटल्या : काच, दावा आणि सत्य

छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविली. टक्कल जाईल, पिकलेले केस पुन्हा काळे होतील, अशी हमी देणाऱ्या द्रव्यांचा व्यापार त्या काळी जगभर भरात होता. शाहूपुरीतील एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर अशा द्रव्याची बाटली आढळल्यास ती भंगारात घालण्यापूर्वी निरखून पाहावी.

अमेरिकेतील आयर कंपनीचे ‘हेअर व्हिगर’, हॉल यांचे ‘हेअर रिन्युअर’ आणि मिसेस ॲलन यांचे ‘वर्ल्ड्स हेअर रिस्टोरर’ ही त्या व्यवसायातील ठळक नावे होत. निळ्या, जांभळ्या वा तपकिरी काचेवर नाव उठावात असे. न्यूयॉर्कच्या आरोग्य मंडळासाठी रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स चँडलर यांनी १८७० च्या सुमारास अशी द्रव्ये तपासली, तेव्हा अनेकांत शिशाचे क्षार निघाले. गंधकाशी संयोग होऊन शिशाचे काळे सल्फाइड बनते व ते केसांवर बसते. रंग हळूहळू चढत असल्याने ग्राहकास केस मुळापासून सुधारल्याचा भास होई. प्रत्यक्षात तो विषारी धातूचा लेप असे.

भारतात केशतेलाची परंपरा निराळी होती. तिला जाहिरातीचे बळ नंतर लाभले. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस यांनी ‘कुंतलीन’ तेलासाठी १८९६ मध्ये कथास्पर्धा सुरू केली. पहिले पारितोषिक शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांना मिळाले. मुंबईच्या अँग्लो-इंडियन ड्रग अँड केमिकल कंपनीचे ‘कामिनिया’ तेल मराठी वाचकांच्याही परिचयाचे झाले.

त्या काळी काचसामान मुख्यतः परदेशातून येई. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावी काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंनी आपला कारखाना काढला. त्यावरून ती वसाहत ओगलेवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली.

बाटलीचे वय तिच्या सांध्यावरून अजमावता येते. साच्याची रेघ गळ्याशीच थांबली असेल, तर तोंड बहुधा हाताने घडविलेले असते. ती ओठावरून वर गेली असेल, तर बाटली सहसा विसाव्या शतकातील यंत्रावरची असते. जुनी बाटली संग्रही ठेवावी, परंतु तिच्यातील उरलेले द्रव्य कदापि वापरू नये.

आपल्याकडे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांनी रंगासाठी शिसे वा आर्सेनिक वापरलेल्या प्रसाधनांच्या निर्मितीस मनाई केली. टक्कल बरे करण्याचा किंवा नवे केस उगवण्याचा दावा औषधाच्या नावे करण्यासही हे नियम प्रतिबंध करतात. तरीही आश्वासनांचा बाजार थांबलेला नाही. म्हणून केसांसाठी नवी बाटली घरात आणताना दर्शनी भागावरील वचनाआधी मागच्या बाजूची घटकांची यादी वाचावी. यादीच नसेल, तर बाटली दुकानातच राहू द्यावी.