संत योसेफाच्या सणाचे झेप्पोले



19 मार्चचा संत योसेफाचा सण उपवासकाळातच येतो. तरीही इटलीतील नेपल्स शहरात त्या दिवशी चुलीवर तेलाची कढई चढते आणि घरोघरी ‘झेप्पोले’ खातात. उपवासकाळात गोडधोड कसे, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर असे, की संत योसेफाचा हा दिवस महासण मानला जातो व त्या दिवशी उपवासाची शिस्त थोडी सैल होते.

झेप्पोलेची कृती आपल्या गृहिणींना परकी वाटणार नाही. पाणी, लोणी व चिमूटभर मीठ उकळून त्यात मैदा घालतात आणि मोदकासाठी करतो तशी उकड करतात. ती निवल्यावर एकेक अंडे घालून फेटतात, कापडी पिशवीतून तिची कडी पाडतात व मध्यम आचेच्या तेलात तळतात. पिठातल्या पाण्याची वाफ होऊन कडे फुगते. आच मोठी झाली तर वरून करपते आणि आत कच्चे राहते. वर दूध-अंड्याचे घट्ट कस्टर्ड, पाकातले एक आंबट चेरीचे फळ आणि पिठीसाखर. पूर्वी एवढा थाट नव्हता. नेपल्सचे इप्पोलितो कावल्कांती यांच्या 1830 च्या दशकात छापलेल्या पाकग्रंथातील झेप्पोले अगदी साधे आहेत.

त्याहून जुनी नोंद जर्मन कवी गटे यांच्या प्रवासवर्णनात आहे. 1787 साली ते नेपल्समध्ये होते. संत योसेफ हा तिथल्या तळणाऱ्यांचा आश्रयदाता संत. सणाच्या दिवशी ते दारापुढे चुली मांडत. एकजण पीठ मळी, दुसरा कडी वळून तेलात सोडी, तिसरा ती सळईने काढी आणि चौथा जमलेल्या लोकांना वाटी. शेवटचे दोघे सोनेरी कुरळ्या केसांचे टोप घालून देवदूत बनलेले असत!

सुताराचा आणि तळणाचा संबंध काय? लोककथा सांगते, की पवित्र मरिया व बाळ येशू यांना घेऊन इजिप्तला पळालेल्या योसेफाने परक्या मुलखात पोटासाठी तळलेले गोड पदार्थ विकले. ही गोष्ट शुभवर्तमानात नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण तिच्यातला भाव खरा आहे. घरदार सोडून आलेला बाप मुलाच्या मुखात घास पडावा म्हणून मिळेल ते काम करतो, त्याला कसलीच लाज वाटत नाही. इटलीत हाच दिवस ‘पितृदिन’ म्हणून पाळतात, तो उगाच नव्हे.

दक्षिणेला सिसिली बेटावर या सणाला ‘संत योसेफाचे मेज’ मांडतात. दुष्काळात लोकांनी संताचा धावा केला, पाऊस पडला, बाकला या शेंगवर्गीय पिकाने त्यांना जगवले, अशी तिथली परंपरा आहे. म्हणून मेजावर बाकल्याचे दाणे असतात. मांस नसते. शेवयांवर पावाचा चुरा पसरतात, तो म्हणजे सुताराचा भुसा! गोरगरिबांना किंवा मुलांना येशू, मरिया, योसेफ मानून आधी वाढतात. घरच्यांची पंगत नंतर.

1977 साली कायद्याने इटलीतील या दिवसाची सरकारी सुट्टी गेली. झेप्पोले मात्र टिकले, कारण त्यांना दिवस होता आणि अर्थ होता.

आता आपल्या ताटाकडे पाहू. नाताळच्या नेवऱ्या, करंज्या वर्षातून एकदा होत, तेव्हा मुले त्यांची वाट पाहत. आज तळलेले व गोड रोज चहाबरोबर असते. पन्नाशीच्या आतच मधुमेहाच्या गोळ्या घेणारे घरधनी आम्हांला भेटतात. जो बाप कुटुंबासाठी राबतो, त्यालाच आपण प्रेमाने आजारी पाडतो की काय?

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, सणाचे तळण सणालाच करावे. मधुमेह्याने लहानसा तुकडा घ्यावा. नेपल्समध्येही झेप्पोले आता भट्टीत भाजून करतात. दुसरी, काळे पडलेले, फेसाळणारे, धुरकट वासाचे तेल पुन्हा चढवू नये. वारंवार तापवल्याने तेलात साठणारी अपायकारक द्रव्ये 25 टक्क्यांवर गेल्यास ते खाण्यासाठी वापरू नये, असा आपल्या देशातही 1 जुलै 2018 पासून नियम आहे. तिसरी, अंड्याचे कस्टर्ड मार्चच्या उन्हात लवकर नासते. ते थंड जागी ठेवावे व त्याच दिवशी संपवावे.

आणि संपवण्याचा उत्तम मार्ग सिसिलीच्या मेजाने दाखवलाच आहे. पहिला वाटा शेजारच्या गरजूला, दुसरा घरच्या कष्टकऱ्याला. उरेल तो आपला. एवढे केले तर कढईत काहीही तळा, संत योसेफाचा सण साजरा झाला असे समजा.